चढणीचे मासे आणि औषधांचं पाणी

मृगाचा पाऊस जोर धरू लागला की मुरुडच्या आसपासच्या वहाळांत चढणीचे मासे येतात. लहानपणी मी थोरल्यांच्या मागून कंदील घेऊन जात असे. बोटात काटा गेला तर हळद दाबायची, एवढंच औषध. तेच औषध पुढे अपुरं का पडू लागलं, हे शोधताना मी माशांच्या इतिहासात शिरलो.

१९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी ओडिशात पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तोवर मत्स्यबीज नदीतून गोळा करावं लागे. आता ते हवं तितकं तयार करता येऊ लागलं. रोहू, कटला, मृगळ देशभरच्या तळ्यांत पोचले. मात्र तळ्यात दाटी झाली की रोग पसरायला वेळ लागत नाही. ‘एरोमोनास हायड्रोफिला’ हा जिवाणू गोड्या पाण्यात मुळातच राहतो आणि मासा अशक्त झाला की त्याला ग्रासतो. १९८८मध्ये ईशान्येकडून व्रणरोगाची साथ देशात आली. मूळ कारण बुरशीसारखा सूक्ष्मजीव होता, पण जखमांत हा जिवाणूही वाढे. मरळीसारखा काटक मासाही त्यातून सुटला नाही. अशा रोगांवर मत्स्यशेतीत प्रतिजैविकं वापरली जाऊ लागली.

धोक्याची खूण त्याआधीच दिसली होती. औषधाला दाद न देण्याचा गुण एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो, हे जपानमध्ये १९५९ साली आमांशाच्या जिवाणूंत आढळलं. १९७१मध्ये तिथल्याच संशोधकांनी मत्स्यशेतीतल्या जिवाणूंतही असे वाहक दाखवले. म्हणजे तळ्यात तयार झालेला रोध तळ्यापुरता राहत नाही. शिवाय आपल्या सांडपाण्यातून औषधं आणि रोधक जिवाणू उलट तळ्याकडेही जातात.

२०१५मध्ये चीनमधून बातमी आली, की माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनलाही रोध देणारं जनुक असंच पसरतं आहे. जुलै २०१९मध्ये भारताने खाद्यप्राण्यांसाठी आणि मत्स्यशेतीसाठी कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली.

नीट शिजवलेल्या कालवणात हे जिवाणू मरतात; मासे खायला भिण्याचं कारण नाही. धोका कच्चा मासा साफ करणाऱ्या हाताला आहे. म्हणून आता घरात कुणाला काटा लागला, तर आम्ही जखम साबणाने स्वच्छ धुतो आणि सूज चढली तर थेट दवाखाना गाठतो. उरलेल्या गोळ्या मोरीत टाकणंही बंद केलं आहे. मोरीचं पाणी शेवटी वहाळालाच मिळतं, आणि मृगात मासे तिथूनच चढतात.