फादर ब्लॅटर यांचा वनसंग्रह

पन्हाळा-राधानगरीच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारे गवत आपण सहज तुडवून पुढे जातो. परंतु त्या गवतालाही नाव असते, कूळ असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने २०१२ साली महाराष्ट्रातील गवतांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या अभ्यासाची वाट मागे शोधीत गेलो, की आपण एका कॅथलिक धर्मगुरूपाशी येऊन पोहोचतो.

फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. १९०३ साली हे येशूसंघीय मुंबईस आले. सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ साली सुरू झालेला वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन येशूसंघीयांना मायदेशी धाडले. ब्लॅटर स्विस असल्याने येथे कार्य करू शकले. १९१९ ते १९२४ या काळात ते कॉलेजचे प्राचार्य होते.

त्यांची विद्या ग्रंथालयात बसून मिळविलेली नव्हती. १९१७ साली प्रा. हॉलबर्ग यांच्यासमवेत त्यांनी जोधपूर-जैसलमेरचे वाळवंट धुंडाळले. सिंधूच्या मुखाकडील वनस्पतींवरील लेखनात चार्ल्स मॅकॅन आणि टी. एस. सबनीस हे त्यांचे सहलेखक होते.

लहान झुडूप दाबून, वाळवून कागदावर चिकटविता येते. माडाचे काय करावे? आपल्या भेर्ली माडाचे एक पान माणसाहून मोठे. श्रीताळ तर आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे पिकली की मरतो. येथे छायाचित्रच साक्षीदार होते. हिंदुस्थान व सिलोनमधील ताडवर्गीय वृक्षांवरील त्यांच्या १९२६ च्या ग्रंथात म्हणूनच छायाचित्रांना मोठे स्थान आहे.

२६ मे १९३४ रोजी फादर निवर्तले. मॅकॅन यांच्यासह सिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ साली, त्यांच्या पश्चात, प्रकाशित झाला.

कोल्हापूर जिल्ह्यातील काही सडे बॉक्साइटच्या खाणींसाठी खणले गेले आहेत. तेथे पूर्वी काय उगवत होते, हे सांगण्यास असे वाळलेले नमुने आणि जुन्या नोंदीच उरतात. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम पशुपक्ष्यांना नावे देतो, तत्पूर्वी त्याला बागेची राखण सोपविलेली असते. नाव देणे आणि राखणे ही एकाच माणसाची कामे आहेत. पहिले काम फादर ब्लॅटर यांच्यासारख्यांनी पुष्कळसे करून ठेवले. दुसरे आपल्या कुटुंबांच्या वाट्याला आले आहे, असे आम्हांस वाटते.