सिस्टॅटिन-सी
मूत्रपिंडाची गाळणक्षमता व दीर्घकालीन मूत्रपिंडविकार बळावण्याचा धोका दर्शविणारे रक्तातील लहान प्रथिन. १२० अ‍ॅमिनो अम्लांच्या या प्रथिनाचे जनुक २० व्या गुणसूत्रावर असते. १९६१ मध्ये ते मस्तिष्क-मेरुद्रवात आढळले. गाळणदराचे दर्शक म्हणून ते १९८५ मध्ये पुढे आले.

केंद्रक असलेल्या सर्व पेशी ते जवळजवळ सारख्या वेगाने तयार करतात. केशिकागुच्छातून गाळले गेल्यावर मूत्रनलिकेत त्याचे विघटन होते. गाळण मंदावली की रक्तातील पातळी चढते. क्रिएटिनीन (पहा) मात्र स्नायूंतून येते. त्यामुळे अंगाने झडलेल्या वृद्धाचा अहवाल १ मिग्रॅ./डेलि.च्या आत असूनही मूत्रपिंड खालावलेले असू शकते. सिस्टॅटिन-सी स्नायूंवर फारसे अवलंबून नसल्याने ही फसगत बरीचशी टळते.

क्रिएटिनीनवरून काढलेला दर ४५–५९ मिलि./मिनिट (१.७३ चौ.मी. शरीरपृष्ठास) असून मूत्रपिंडहानीची अन्य खूण नसल्यास निदानाच्या खात्रीसाठी ही तपासणी करावी, असे २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सुचविले होते. सिस्टॅटिनवरून काढलेला दर त्याहून कमी आल्यास मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका अधिक समजतात. स्टेरॉइडे, अवटू ग्रंथीचे विकार, स्थूलता व धूम्रपान यांनीही पातळी बदलते. मूत्रातील अल्ब्युमिनाची तपासणी मात्र वेगळी करावीच लागते.

(पहा : मूत्रपिंड, रक्तशुद्धीकरण, अल्ब्युमीनमेह).