आधी कोष्टक, मग तबकडी

आषाढी एकादशीला पंढरपुरात पोहोचायचे तर देहू-आळंदीहून पालख्या कधी निघायच्या, हे चंद्राकडे पाहून ठरत नाही. पावसाळी आभाळात तो दिसतोच कुठे? सूर्यापासून चंद्र 120 अंश पुढे गेला की शुक्ल एकादशी लागते, 132 अंशांवर संपते. तो क्षण सोलापूरच्या दाते पंचांगात कितीतरी महिने आधी छापलेला असतो. त्यावरून मागे मोजत मुक्काम ठरतात आणि दशमीला पालख्या वाखरीहून पंढरीत शिरतात.

उपग्रहामागे अँटेना फिरवण्याच्या ‘प्रोग्रॅम ट्रॅक’ या तंत्राचे कूळ हेच, असे मी मानतो. उपग्रह कोणत्या सेकंदाला कुठे असेल ते आधी गणिताने काढायचे, त्या त्या क्षणाचे दिगंश आणि उन्नतांश, म्हणजे उत्तरेपासून किती वळायचे आणि क्षितिजापासून किती वर बघायचे, यांचा तक्ता बांधायचा आणि मोटरींनी तो पाळायचा. काही ऐकू येण्याआधीच अँटेनाची तबकडी योग्य दिशेला तोंड करून थांबलेली असते.

अशा तक्त्यांची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, ‘ग्रहलाघव’ रचले. कलियुगारंभापासूनचे प्रचंड दिवस मोजण्याऐवजी त्यांनी आपल्याच काळातला आरंभबिंदू धरला, 4016 दिवसांची चक्रे केली आणि ज्या-कोटिज्यांची (साइन-कोसाइनची) किचकट आकडेमोड टाळली. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घेत, जुन्या ग्रंथांतली स्थाने आकाशाशी ताडून पाहत. गणित आणि आकाश जुळणे म्हणजे दृक्प्रत्यय. न जुळले तर करायची दुरुस्ती म्हणजे बीजसंस्कार. पुढे ग्रहलाघवातही फरक साचला. तेव्हा गणिती केरूनाना छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत काढली. तक्ता कितीही चांगला असो, तो शिळा होतो, हे या परंपरेने फार लवकर ओळखले होते.

यंत्राच्या हाती तक्ता आला तो विसाव्या शतकात. जुलै 1962 मध्ये अटलांटिकपार संदेश नेणारा टेलस्टार उपग्रह सुटला. पृथ्वीप्रदक्षिणेला त्याला 2 तास 37 मिनिटे लागत आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांना तो एकदम दिसे जेमतेम वीसेक मिनिटे. इंग्लंडमधल्या गूनहिलीची 26 मीटरची तबकडी हजार टनांहून जड. तिने आभाळ चाचपत बसावे इतका वेळच नव्हता. म्हणून कक्षेचे गणित करून तिचे कोन छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर उतरवले जात आणि फितीबरहुकूम ती फिरे.

महाराष्ट्रात 1971 साली जुन्नर तालुक्यातल्या आर्वीत सुमारे 30 मीटरची तबकडी उभी राहिली. तिचा उपग्रह हिंदी महासागरावर स्थिर, पण ‘स्थिर’ म्हणजे अगदी गप्प नव्हे. चंद्र-सूर्याच्या ओढीने तो किंचित झुलतो आणि एवढ्या मोठ्या तबकडीचा झोत अंशाच्या पाचव्या भागाहूनही अरुंद असतो, म्हणून तिलाही त्याच्यामागे थोडे फिरावेच लागते.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. जेमतेम किलोभराचा हा उपग्रह सुमारे 500 किलोमीटर उंचीवर गेला. असा उपग्रह एका फेरीत दहाएक मिनिटेच क्षितिजाच्या वर राहतो. अशा उपग्रहांसाठी तक्ता बनतो तो 69 अक्षरांच्या दोन ओळींवरून. त्यांत कक्षेचा आकार, कल आणि आरंभक्षण असतो. हा आरंभक्षण गणेश दैवज्ञांच्या आरंभबिंदूसारखाच अलीकडचा. विरळ हवेच्या घर्षणाने कक्षा बदलत राहते, म्हणून काही दिवसांतच नव्या ओळी घ्याव्या लागतात. हाही बीजसंस्कारच.

तक्त्याऐवजी नुसत्या संदेशाच्या जोरामागे फिरणाऱ्या अँटेनाला पुढचे दिसत नाही. उपग्रह उत्तर दिशा ओलांडू लागला आणि तिची फिरकी तिथेच संपत असली, तर सगळा वेढा उलटा घेण्यात मोलाचा वेळ वाया जातो. तक्त्याला अख्खी वाट ठाऊक असते. त्यामुळे प्रोग्रॅम अँटेना सुरुवातीलाच दुसऱ्या अंगाने वळवून ठेवतो, किंवा तिला 90 अंशांपलीकडे उताणी करून मागच्या बाजूने उपग्रह धरतो, आणि मधला एक सेकंदही हातचा जात नाही.