अल्प खर्चाचे, भरवशाचे हत्यार : बांदा परिसरातील ठासणीच्या बंदुकीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शस्त्रांचा इतिहास बहुधा राजे, सैन्ये आणि लढाया यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. सामान्य शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी वा शिकारीसाठी कोणते हत्यार निवडले, ते का निवडले आणि त्यापायी त्याला काय मोजावे लागले, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. राजाला शस्त्रागारातून हवे ते शस्त्र निवडता येत असे. शेतकऱ्याला मात्र एकच हत्यार परवडे आणि ते ऐन वेळी चालले नाही, तर वर्षाचे भात डुकरांच्या तोंडी जाई. म्हणूनच मर्यादित ऐपतीत विश्वासार्ह हत्यार कसे निवडावे, हा प्रश्न ग्रामीण समाजाच्या आर्थिक इतिहासाचाही विषय ठरतो.

प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा आणि त्याच्या आसपासच्या गावांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. तेरेखोल नदीच्या काठी वसलेले बांदा हे मुंबई-गोवा महामार्गावरील गोव्याच्या सीमेलगतचे बाजाराचे गाव. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने बांद्याचा उल्लेख व्यापारी ठिकाण म्हणून केला आहे. एका बाजूस सह्याद्रीच्या उतारावरील जंगल, दुसऱ्या बाजूस खाडीकाठची भातखाचरे आणि मध्ये नारळी-पोफळीच्या बागा, अशी या परिसराची रचना आहे. जंगल आणि शेत यांच्यामध्ये येथे फारसे अंतर नाही. त्यामुळे रानडुक्कर, साळिंदर, गवा आणि माकडे यांच्यापासून पिकाची राखण करणे हा येथील शेतीचा अविभाज्य भाग राहिला आहे.

निवडीच्या कसोट्या

पीक राखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे माणसाचा आवाज. शेतात माळा घालून रात्रभर जागणे, डबे वाजवणे, मशाल पेटवणे, गोफणीने दगड भिरकावणे हे उपाय बिनखर्चाचे होते. परंतु रानडुकराचा कळप एकदा माणसाच्या ओरडण्याला सरावला, की हे उपाय निष्प्रभ ठरतात. त्यानंतर भाला, फास, धनुष्यबाण आणि बंदूक यांचा विचार सुरू होतो.

या साधनांची तुलना करताना चार कसोट्या लक्षात घ्याव्या लागतात. पहिली कसोटी खरेदीच्या किमतीची. दुसरी प्रत्येक वारामागे येणाऱ्या खर्चाची. हत्यार एकदाच घ्यावे लागते, पण बाण, दारू किंवा काडतूस वारंवार लागते. तिसरी कसोटी हवामानाची. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. चौथी कसोटी दुरुस्तीची. बिघडलेले हत्यार गावच्या लोहाराला किंवा सुताराला सुधारता आले पाहिजे. पुढे या चार कसोट्यांत पाचवीची भर पडली, ती परवान्याची. कालांतराने हीच कसोटी इतर चारही कसोट्यांवर भारी पडली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

क्रॉसबो आणि तोड्याची बंदूक

क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले आणि चाप ओढून सोडायचे धनुष्य. चीनमध्ये ख्रिस्तपूर्व काळापासून त्याचा वापर होता. युरोपात त्याचा धाक एवढा होता, की 1139 मधील दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध ते वापरण्यास मनाई केली. साध्या धनुष्याची दोरी हाताने ताणून धरावी लागते, त्यामुळे नेमबाजाचा दंड थकतो. क्रॉसबोमध्ये दोरी खाचेत अडकून राहते आणि नेम धरण्यास सवड मिळते. धूर नाही, मोठा आवाज नाही आणि लागलेला बाण पुन्हा वापरता येतो, हे त्याचे गुण. परंतु धनुष्याची पाती, खाच आणि चाप यांची घडण अचूक लागते. शिवाय नैसर्गिक तंतूंची दोरी पावसात भिजली, की सैल पडते. भारताच्या मुख्य भूमीवरील सैन्यांत हाती धनुष्याचेच प्राबल्य राहिले. क्रॉसबोचा शिकारी वापर निकोबार बेटांवर मात्र आढळतो.

हे शस्त्र बांद्याच्या अगदी जवळ येऊन पोहोचले होते. 1510 मध्ये अफोंसो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकले, तेव्हाच्या पोर्तुगीज सैन्यात बंदूकधाऱ्यांबरोबर क्रॉसबोधारीही होते. तथापि, शेजारच्या मुलखात हे शस्त्र रुजल्याचे दिसत नाही. याचे एक कारण गोव्याच्याच कारागिरांत सापडते. 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात अल्बुकर्कने गोव्यातील बंदूक घडवणाऱ्या कारागिरांची प्रशंसा केली असून, त्यांचे काम त्या काळी नावाजलेल्या बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे असल्याचे नमूद केले आहे. ज्या प्रदेशात उत्तम बंदूक घडवणारे हात उपलब्ध होते, तेथे क्रॉसबोची वेगळी कारागिरी उभी राहण्याचे प्रयोजन उरले नाही, असे अनुमान काढता येते.

शिकारीच्या दृष्टीने तोड्याची बंदूक मात्र निर्दोष नव्हती. जळता तोडा दारूला लावून बार उडवावा लागे. अंधारात तोड्याचा निखारा दिसे, त्याचा वास जनावराला येई आणि पावसाच्या एका सरीत तो विझे. चकमकीच्या बंदुकीने निखाऱ्याची अडचण दूर केली, पण कानातली उघडी दारू ओली होण्याची भीती कायम राहिली. पावसाळी मुलखात शिकाऱ्याला खरा भरवसा मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

केपची बंदूक : भरवशाचे गणित

स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने 1807 मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या उपयोगाचे पेटंट घेतले. त्याला बदकांच्या शिकारीचा छंद होता. चकमकीच्या ठिणगीने बदके आधीच सावध होतात, ही त्याची तक्रार होती. त्याच्या शोधातून पुढे तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप, प्रचारात आली. केप निपलवर बसवायची आणि घोडा तिच्यावर आदळला, की आतील दारू पेटायची. उघडी दारू नाहीशी झाल्याने पावसाचा धोका बराच कमी झाला. एका शिकाऱ्याच्या गरजेतून निघालेली ही सुधारणा पुढे लष्करांनीही स्वीकारली.

कोकणात ‘ठासणीची बंदूक’ या नावाने परिचित असलेले हत्यार ते हेच. तिची रचना साधी असते. नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची, त्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे आणि शेवटी पुन्हा बोळा. काळ्या दारूत साधारणपणे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असते. एकनळी बंदुकीतून एकदा बार काढल्यावर पुन्हा भरण्यास वेळ लागतो. म्हणून राखणदाराला पहिल्याच बाराला जपावे लागते. नळी आतून गुळगुळीत असल्याने दूरचा नेम साधत नाही आणि जनावर जवळ येईपर्यंत दम धरावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतुसाची, मागून भरायची बंदूक प्रचारात आली. ती जलद होती आणि तिचे काडतूस ओल्या हवेत अधिक टिके. तरीही सामान्य शेतकऱ्याच्या हाती ठासणीचीच बंदूक राहिली. काडतूस प्रत्येक वेळी विकत घ्यावे लागते आणि ते ठरावीक मापाचेच लागते. ठासणीच्या बंदुकीत मात्र जनावर पाहून दारूचे व छर्ऱ्यांचे प्रमाण कमी-अधिक करता येते. शिसे घरी वितळवता येते, दस्ता सुतार बसवून देतो आणि घोड्याची स्प्रिंग लोहाराला सुधारता येते. बंदूक जुनी होती, तरी तिचा प्रत्येक भाग गावाच्या आवाक्यात होता. अल्प ऐपतीच्या माणसासाठी विश्वासार्हतेचा अर्थ ‘सर्वांत उत्तम’ असा नसून ‘आपल्याला चालू ठेवता येईल असे’ असा होता.

परवान्याची कसोटी

सावंतवाडी संस्थानाचा कारभार 1838 पासून ब्रिटिश पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या देखरेखीखाली गेला. 1844-45 मध्ये कोल्हापूरबरोबरच सावंतवाडी मुलखातही उठाव झाला. बांद्याजवळच्या तांबुळी गावावरून ओळखले जाणारे फोंड सावंत तांबुळकर हे त्यातील एक प्रमुख नेते होते. मनोहर आणि मनसंतोष या गडांभोवती लढाई झाली आणि उठावातील काही मंडळी सीमा ओलांडून पोर्तुगीज गोव्यात गेली. जंगल, गड आणि परकी सीमा एकत्र असलेल्या या पट्ट्यातील बंदूक राज्यकर्त्यांच्या दृष्टीने केवळ शेतीचे साधन राहिली नसावी, हे उघड आहे.

लगतच्या ब्रिटिश मुलखात, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याकडे, 1878 चा शस्त्र कायदा लागू झाला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील या कायद्याने विनापरवाना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. राष्ट्रीय चळवळीने या कायद्यावर सातत्याने टीका केली, कारण त्याने सर्व हिंदी जनतेकडे संशयाने पाहिले. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला व तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्यातील कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याचे समाधान झाल्यासच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. गावाने ऐपतीपोटी जी निवड केली होती, तीच निवड कायद्याने जणू शेतकऱ्याची मर्यादा म्हणून निश्चित केली. काडतुसाची बंदूक घेण्याइतके पैसे पुढे कोणाकडे आले, तरी पीक संरक्षणाच्या वाटेने त्याच्या वाट्याला प्रथम ठासणीचीच बंदूक येणार होती.

शिकारीवरील बंधनेही याच काळात वाढत गेली. 1951 च्या मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्यानंतर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. या कायद्यातील ‘हत्यार’ या संज्ञेत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळी, विष, फास आणि सापळे यांचाही समावेश आहे. म्हणजे क्रॉसबो आवाज करत नाही वा दारू जाळत नाही, म्हणून तो कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारण्यासाठी कलम 11 नुसार वनखात्याची लेखी परवानगी लागते. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुकराचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यामुळे बंदुकीचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन स्वतंत्र बाबी झाल्या आहेत. पहिली शेतकऱ्याच्या घरात असते. दुसरी प्रत्येक वेळी मिळवावी लागते.

ऐन हंगामातील अनुपलब्धता

निवडणुकीच्या काळात परवानाधारक शस्त्रांची छाननी करून ती पोलिसांकडे जमा करून घेण्याची पद्धत आहे. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान 13 ऑक्टोबर 2009, 15 ऑक्टोबर 2014, 21 ऑक्टोबर 2019 आणि 20 नोव्हेंबर 2024 या दिवशी झाले. कोकणात भात पिकून कापणीला येते ते याच सुमारास. ज्या आठवड्यांत डुकरे खाचरांत उतरतात, नेमक्या त्याच आठवड्यांत बंदूक जमा करण्याची वेळ येऊ शकते. निवडणुकीतील शांततेचा हेतू रास्त आहे. परंतु पिकाच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसत नाही. मग उरतात ती सर्वांत स्वस्त साधने : तारेचा फास आणि कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह. ही दोन्ही बेकायदेशीर आहेत आणि दोन्ही आंधळी आहेत. बंदुकीमागे माणूस असतो. तो जनावर ओळखतो, थांबतो, प्रसंगी नेम खाली करतो. फासात डुकराबरोबर बिबट्याही अडकतो आणि विजेच्या तारेला शेजारचा शेतकरीही बळी पडू शकतो.

निष्कर्ष

बांदा परिसराच्या संदर्भात केलेल्या या विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. गोव्यापर्यंत आलेला क्रॉसबो येथे रुजला नाही, तर स्थानिक कारागिरी, पाऊस आणि खर्च या तिन्हींना झेपणारी ठासणीची बंदूक टिकली. तिची निवड मागासलेपणातून झालेली नसून दीर्घ अनुभवातून झालेली होती. पुढे कायद्याने त्या निवडीला मान्यता दिली आणि त्याच वेळी तिच्याभोवती कुंपणही घातले. हत्याराची विश्वासार्हता केवळ नळी, घोडा आणि दारू यांवर अवलंबून नसते. गरजेच्या रात्री ते हाताशी असणे आणि वापरण्याची मुभा असणे हा तिचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. वन्यजीवांचे रक्षण आणि शेतकऱ्याचे पीक यांचा समतोल साधताना धोरणकर्त्यांनी जमा करण्याच्या तारखा व परवानगीला लागणारा वेळ भाताच्या हंगामाशी ताडून पाहिला, तर फास आणि विजेच्या तारा यांच्याकडे वळणारा हात थांबण्यास निश्चितच मदत होईल.