चेहऱ्याचा इजारा

मागच्या महिन्यात सातवीच्या तासाला एका मुलीच्या दप्तरातून पत्त्यांची छोटी गड्डी खाली पडली. मी उचलली. वहीच्या पुठ्ठ्याचे सारखे तुकडे कापून त्यावर तिने स्केचपेनने क्रिकेटपटू काढले होते. वरचाच पत्ता स्मृती मानधनाचा. खाली उर्दूत नाव, मागे मराठीत धावा आणि शतके. "सर, दुकानात हिचा पत्ता मिळत नाही, म्हणून मीच केला," ती घाबरत म्हणाली. मी गड्डी परत दिली. पण डोक्यातून ती जाईना.

आमच्या लहानपणी सातारच्या शाळेतही हेच वेड होते. बबलगमच्या वेष्टनात खेळाडूंची चित्रे यायची. धावा जमवा, विकेट जमवा, अदलाबदल करा. गम कडक झालेला असला तरी चालायचा, चित्र फाटलेले चालायचे नाही. त्या चित्रातल्या माणसाला त्याचे काही पैसे मिळतात का, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

अमेरिकेत मात्र हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीच कोर्टात गेला. तिथे बेसबॉलपटूंची कार्डे गमसोबत विकली जात. एका गम कंपनीने खेळाडूंशी करार केले की तुमचा फोटो फक्त आम्हीच वापरणार. टॉप्स नावाच्या दुसऱ्या कंपनीने त्यातल्याच काही खेळाडूंच्या सह्या घेतल्या. पहिली कंपनी, हेलन लॅबोरेटरीज, कोर्टात गेली. १९५३ साली न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी निकाल दिला, की खासगीपणाच्या हक्काशिवाय माणसाला आणखी एक हक्क असतो : आपल्या चेहऱ्याची किंमत ठरवण्याचा आणि तो एकालाच वापरू देण्याचा. जगभर आज ज्याला प्रसिद्धीचा हक्क म्हणतात, त्याचे नाव या गमच्या भांडणातून आले.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला इथे एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही : इजारा. मूळ अरबी, अर्थ भाड्याने देणे. फारसीच्या वाटेने तो आपल्या दप्तरांत आला आणि त्यातूनच इजारेदारी झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांचा वसूल सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला दिला जाई. बोलीचे पैसे भरून काढायचे म्हणून तो रयतेला पिळायचा. सरकारला रक्कम आधीच मिळालेली, मग रयतेची दाद कोण घेणार? १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण शब्द राहिला. इजाऱ्यात सही दोघांची असते, भार तिसऱ्यावर पडतो.

अमेरिकेतही तेच झाले. टॉप्सने १९५६ मध्ये प्रतिस्पर्धी बोमन विकत घेतली आणि मैदान मोकळे झाले. होतकरू पोराला सहीसाठी पाच डॉलर मिळत. तो वरच्या लीगमध्ये पोहोचला की वर्षाला १२५ डॉलर. कंपनी किती कमावते याच्याशी त्या आकड्याचा संबंध नव्हता. खेळाडू संघटनेचे मार्विन मिलर यांनी खेळाडूंना सांगितले, नूतनीकरणाच्या सह्या थांबवा. १९६८ मध्ये कंपनी वाटाघाटीला आली : वर्षाला २५० डॉलर, शिवाय विक्रीवर आठ टक्के आणि चाळीस लाख डॉलरच्या पुढे दहा टक्के. इजारा तोच, पण चेहऱ्याच्या मालकाला पहिल्यांदा वाटा मिळाला.

पुढे १९८१ पासून इतर कंपन्याही शिरल्या. २०१० पासून लीगने पुन्हा एकट्या टॉप्सला अधिकार दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये खेळाडू संघटना आणि लीग दोघांनी भविष्यातले हक्क फॅनॅटिक्स या कंपनीकडे वळवले. सात दशके कार्डे छापणाऱ्या टॉप्सच्या हातातून मुख्य धंदा निसटला आणि जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरना फॅनॅटिक्सनेच तिला विकत घेतले.

आपल्याकडे आयपीएलची कार्डे टॉप्सनेच 'क्रिकेट अटॅक्स' नावाने आणली. मग कार्ड मोबाइलमध्ये गेले. रारिओ या कंपनीने मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग अशा खेळाडूंशी एकाधिकाराचे करार केले. 'स्ट्रायकर' या दुसऱ्या ॲपवर त्याच खेळाडूंची डिजिटल कार्डे दिसली, म्हणून ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. भांडण जवळपास १९५३ चेच होते. पण २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूचे नाव, धावा, विकेट ही सर्वांना खुली असलेली माहिती आहे, तिचा इजारा कोणाला घेता येणार नाही, आणि स्ट्रायकरवरची चित्रे ही रेखाटने आहेत, असा त्या निकालाचा रोख होता.

खरे सांगायचे तर निकाल वाचून माझे मन दोन बाजूंना ओढले गेले. हैदराबादच्या रिक्षाचालकाच्या मुलाचा चेहरा विकून कोणी पैसे कमवावेत आणि त्याला दमडी मिळू नये, हे मला पटत नाही. आमच्या साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. पदक आले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नाव सगळ्यांनी घेतले, पण त्यांचे पुढचे आयुष्य ओढगस्तीतच गेले. नावाला किंमत असते, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

पण दुसरी बाजूही आहे. आमच्या दादांची, म्हणजे अब्बांच्या वडिलांची, एक वही होती. वर्तमानपत्रांतून कापलेले विजय हजारे तिच्यात खळीने चिकटवलेले. हजारे सांगलीत जन्मलेले, ख्रिस्ती. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर पडत, म्हणून ते 'इतर' संघातून खेळत. हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. दादांचा स्वतःचा संघ मुस्लिमांचा, पण वहीत चिकटले हजारे. ती वही करायला दादांना कोणाचा परवाना लागला नाही.

माझ्या मनात मग हिशोब असा बसला : जो विकतो त्याने खेळाडूला वाटा द्यावा, आणि जो नुसता प्रेम करतो त्याला कोणी अडवू नये. हे दोन्ही एकत्र चालू शकते, १९६८ च्या करारानंतरही पोरे कार्डे जमवतच होती.

स्मृती आमच्या सांगलीची. २०२३ च्या लिलावात बंगळुरूने तिच्यासाठी ३ कोटी ४० लाख मोजले. तिच्या चेहऱ्याचे करार तिचे वकील बघतील. आमच्या सातवीतल्या मुलीने मात्र काल आणखी एक पत्ता केला. मी मागवून घेतला, "मलाही एक दे." ती म्हणाली, "सर, अदलाबदल. तुमच्याकडे काय आहे?"

घरी जाऊन दादांची वही शोधतो आहे.