उजवा कौल, डावा कौल

पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी देवाला कौल लावायचा तर आधी सवाल पक्का करावा लागे. गुरवकाका आंघोळ करून गाभाऱ्यात जात, भिजवलेल्या तांदळाचे दाणे किंवा फुलाच्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवत आणि बाहेर बसलेल्या मानकऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घालत : काम व्हायचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी. मग सगळे गप्प. कधी पाकळी लगेच सुटे, कधी समईत पुन्हा तेल घालावं लागे.

लहानपणी वाटे, काकांना देवाची भाषा येते. मोठेपणी त्यांच्यापाशी बसून ऐकलं तेव्हा कळलं, की त्यांची सगळी विद्या सवाल घडवण्यात होती. ‘पोरगा मुंबईत सुखी होईल का?’ हा सवाल ते घेतच नसत. सुख कशाला म्हणायचं, यावर उद्या भांडण होईल, म्हणत. ‘पोराला गिरणीत लावायला आत्ता धाडू, की भातकापणी उरकल्यावर?’ हा मात्र घेत. आत्ता असेल तर उजवी, कापणीनंतर असेल तर डावी. आमच्याकडच्या घराघरातून माणसं गिरणगावात गेली, त्यातल्या कितींची गाठोडी अशा कौलावर बांधली गेली!

ही रीत फार पूर्वीच कागदावर आली आहे. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी नाशकात जॅक्सनला गोळ्या घातल्या. ती माहिती पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली छापली. देवाच्या अंगाला फुलं चिकटवून उत्तर घेण्याची पद्धत त्यात नोंदलेली आहे.

माझी भाची डोंबिवलीत टॅरो शिकते, म्हणजे पत्त्यांवरून सवालाचं उत्तर काढणं. अठ्ठ्याहत्तर पत्ते, प्रत्येकाचा सुलटा अर्थ, उलटा अर्थ, सगळं वहीत उतरवून पाठ करते. तिची मेहनत पाहून मी थोडं वाचलं. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते खेळायला. त्यांत प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलंय, असं कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ साली छापलं, पुराव्याशिवाय. नवशिक्यांच्या हाती आज बहुधा येतात ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली आणि १९०९ साली ती बाजारात आली. म्हणजे अर्थ पत्त्यांपेक्षा कितीतरी तरुण. मी तिला एवढंच सुचवलं, की पत्ता उचलण्याआधी सवाल लिही, आणि कशाला होकार म्हणशील तेही लिही.

कौलाचं कौतुक करताना एक गोष्ट गाळणं मला जमणार नाही. सवाल घालण्याचा हक्क गावात सर्वांना सारखा नव्हता. ज्यांना देवळाची पायरी बंद, त्यांचं गाऱ्हाणं गाभाऱ्यात पोचणार कसं? महाडला तर पाणीही बंद होतं. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर महाडच्या परिषदेला आलेली हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. लगेच अफवा उठली, की आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार. वीरेश्वर हे महाडचं ग्रामदैवत. देवाचं नाव पुढे करून परिषदेला आलेल्यांना झोडपलं गेलं, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. पुढे तळ्यावरून कोर्टकज्जा चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. कौलाचा इतिहास सांगताना हा दहा वर्षांचा खटला शेजारी ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता आमच्याकडे कौल लागतो तो शिमग्याच्या पालखीपुरता, देवळाच्या कामापुरता. गुरवकाकांचा नातू महाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तो सवाल आधी मोबाईलवर लिहितो आणि सभामंडपात मोठ्याने वाचून दाखवतो. त्यातून दोन अर्थ निघत असले तर बायकाही उठून टोकतात, आणि तो सवाल पुन्हा लिहितो.