ऋषीचे कूळ : व्यवस्थापनाच्या आचार्यांचा पूर्वाश्रम

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शोधले तर श्रद्धेला तडा जाईल, ही त्यामागची भीती. व्यवस्थापनशास्त्राच्या आचार्यांबाबत हा संकेत मोडावासा वाटतो, कारण इथे कूळ शोधल्याने श्रद्धा उणावत नाही. उलट ज्या विद्येकडे आपण साहित्याची माणसे किंचित नाक मुरडून पाहतो, ती आपल्याच शेजारच्या घरांतून उठून गेलेल्या माणसांनी उभी केली, हे ध्यानात येते. कोणत्याही नव्या विद्येची पहिली पिढी अर्थातच दुसऱ्या विद्येतून आलेली असते. पण व्यापाराची विद्या शिकवणारे पहिले अध्यापक बहुतांशी व्यापारीही नव्हते, ही बाब मात्र जरा थांबून पाहण्याजोगी आहे.

व्यापाराचे शिक्षण देणारी शाळा पॅरिसमध्ये १८१९ साली निघाली होती. अमेरिकेत जोसेफ व्हार्टन या निकेल-पोलादाच्या कारखानदाराने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला देणगी दिली आणि १८८१ मध्ये त्यांच्या नावाचे विद्यालय सुरू झाले. व्यवसाय-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी देण्याचा घाट हार्वर्डने १९०८ मध्ये घातला. या विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. जर्मनीत गुस्ताव श्मोलर यांच्या हाताखाली त्यांनी इतिहासाचे धडे गिरवले होते आणि डॉक्टरेटही बर्लिनची. कारखाना चालवण्याचा अनुभव शून्य. शिकवायचे काय, हेच ठरलेले नव्हते, पाठ्यपुस्तके नव्हती, तेव्हा गे यांनी बाहेरच्या माणसांना व्याख्यानांसाठी पाचारण केले. त्यांत फ्रेडरिक टेलर होते. हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊनही डोळ्यांच्या दुखण्यामुळे टेलर तिथे शिकायला गेले नव्हते. त्याऐवजी फिलाडेल्फियाच्या एका कारखान्यात साचे बनवण्याचे काम शिकले आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुढे, १८८३ मध्ये, नोकरी सांभाळून मिळवली. ज्या विद्यापीठाच्या दारातून ते विद्यार्थी म्हणून आत गेले नाहीत, तिथे ते व्याख्याते म्हणून गेले.

विद्यापीठीय जगाला हे सारे मानवले होते असे नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील उच्च शिक्षणावर जे जळजळीत पुस्तक लिहिले, त्यात वाणिज्य विद्यालयाला विद्येच्या मंदिरात जागा मागण्याचा अधिकार मैदानी खेळांच्या विभागाइतकाच आहे, असा टोला हाणला. तो टोला आजही काही प्राध्यापक-खोल्यांतून थोड्या फार फरकाने ऐकू येतो.

गे यांच्यानंतर १९१९ मध्ये वॉलेस डोनम आले. त्यांचे शिक्षण कायद्याचे, नोकरी बँकेतली. हार्वर्डच्या विधि विद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० नंतर निवाड्यांवरून कायदा शिकवण्याची रीत पाडली होती. डोनम यांनी तीच रीत व्यापाराला लावली. निवाड्याच्या जागी एखाद्या कंपनीसमोरचा पेच आला, न्यायाधीशाच्या जागी व्यवस्थापक आला. आज जगभर ‘केस मेथड’ म्हणून जी ओळखली जाते, ती अशी वकिलाच्या घरातून आलेली आहे. या पद्धतीचे एक वैशिष्ट्य साहित्याच्या शिक्षकाने टिपायला हवे. ‘केस’ म्हणजे शेवटी एक कथाच असते. तिला पात्रे असतात, स्थळकाळ असतो, आणि ती निर्णयाच्या क्षणापाशी मुद्दाम तोडलेली असते. शेवट वर्गाने करायचा.

दुसरी पाहुणी विद्या म्हणजे तत्त्वज्ञान. ऑस्ट्रेलियात जन्मलेले एल्टन मेयो वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राकडे वळले. क्वीन्सलँड विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकवत. १९२६ मध्ये हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयात आले. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. त्यांचे सहकारी फ्रिट्झ रोथलिसबर्गर हेही अभियांत्रिकीकडून तत्त्वज्ञानाकडे गेलेले. हॉथॉर्नच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या काही रास्त आहेत. पण कामगार हा केवळ हातांचा धनी नसून त्याला मन, मैत्री आणि रुसवेफुगवे असतात, हे यंत्रशाळेत सांगायला तत्त्वज्ञानाचा एक शिक्षक यावा लागला, हे विसरता येत नाही.

मेरी पार्कर फॉलेट यांची कथा वेगळी आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभापतिपदावर १८९६ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या या विदुषीने बॉस्टनच्या गरीब वस्त्यांत अनेक वर्षे समाजकार्य केले. तिथल्या तंट्यांतून त्यांना संघर्षाविषयीचा विचार सापडला: एकाने जिंकणे किंवा दोघांनी थोडे थोडे सोडणे याखेरीज तिसरा मार्ग असतो, दोघांच्या मूळ गरजा ओळखून नवी मांडणी करण्याचा. १९२० च्या दशकात उद्योजक त्यांची व्याख्याने ऐकायला जमत. कोणत्याही व्यवसाय विद्यालयात मात्र त्यांना कायमचे अध्यापकपद मिळाले नाही. १९३३ मध्ये त्या वारल्या आणि पुढची काही दशके त्यांचे नाव फारसे कोणी घेतले नाही. पूर्वाश्रम सर्वांचाच परका होता. पण परकेपण सर्वांना सारखेच माफ झाले नाही.

पीटर ड्रकर यांच्याविषयी थोडक्यात. जन्म व्हिएन्नाचा, डॉक्टरेट फ्रँकफुर्टमधून आंतरराष्ट्रीय कायद्यात, पेशा पत्रकाराचा. अमेरिकेत आल्यावर बेनिंग्टन महाविद्यालयात राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे अध्यापन. त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि काही वर्षे जपानी चित्रकलाही शिकवली. कादंबऱ्यांचे फारसे काही झाले नाही.

१९५९ हे या इतिहासातले वळणाचे वर्ष. फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पैशांतून निघालेले दोन अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाले. दोन्ही अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलेले, आणि दोहोंचा सूर एकच: व्यवसाय विद्यालयांतील शिक्षण उथळ आहे, अध्यापक संशोधन करीत नाहीत, पुस्तकी कारकुनीलाच विद्या म्हटले जात आहे. त्यानंतर निवृत्त व्यावसायिकांची सद्दी ओसरली आणि गणित, मानसशास्त्र, समाजशास्त्र या विषयांतले डॉक्टरेटधारक आत आले. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेत ही वाट आधीच पडली होती. हर्बर्ट सायमन तिथे होते. त्यांची डॉक्टरेट राज्यशास्त्राची, आणि १९७८ चे नोबेल अर्थशास्त्राचे. त्यांच्याबरोबर काम करणारे जेम्स मार्च हेही राज्यशास्त्राचेच. दोघांनी मिळून १९५८ मध्ये संघटनांवर लिहिलेला ग्रंथ या क्षेत्रात पायाभूत मानला जातो.

मार्च यांच्यापाशी मला जरा रेंगाळायचे आहे. १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. तिथे १९८० ते १९९४ या काळात त्यांनी नेतृत्वावर एक अभ्यासक्रम शिकवला. त्याच्या वाचनयादीत एकाही यशस्वी उद्योगपतीचे चरित्र नव्हते. होती ती चार पुस्तके: शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’, शॉचे ‘सेंट जोन’, टॉलस्टॉयचे ‘युद्ध आणि शांती’ आणि सर्व्हांटिसचे ‘डॉन किहोते’. राज्यशास्त्रज्ञाने, गणिती प्रतिमाने मांडणाऱ्या माणसाने, केलेली ही निवड आहे. नेतृत्वाचे प्रश्न हे आयुष्याच्या प्रश्नांहून वेगळे नसतात आणि त्यांची गुंतागुंत थोर साहित्यात जितकी प्रामाणिकपणे येते तितकी व्यवस्थापनाच्या ग्रंथांत येत नाही, अशी त्यांची धारणा होती.

प्रत्येक पुस्तकापाशी एक प्रश्न होता. विश्वास आणि कपट यांचे नाते काय, हे ‘ऑथेल्लो’पाशी. वेडा कोण आणि द्रष्टा कोण, हे घटना घडून जाण्याआधी कसे ओळखावे, हे जोनपाशी. टॉलस्टॉयचा सेनापती कुतुझोव्ह युद्धाच्या मसलतीत पेंगत असतो आणि तरीही, किंवा त्यामुळेच, शहाणा ठरतो. मग इतिहास नेता घडवतो की नेत्याला नुसता वाहून नेतो? उद्याचे संचालक होऊ पाहणाऱ्या तरुणांपुढे हा प्रश्न ठेवायला धाडस लागते. आणि किहोते? मार्च यांच्या विचारात दोन तर्क होते. परिणाम पाहून वागणे हा एक. ‘मी कोण आहे, आणि माझ्यासारख्याने इथे काय करणे उचित आहे’ असे विचारून वागणे हा दुसरा. किहोते दुसऱ्या तर्काने जगतो. मराठी वाचकाला इथे निष्काम कर्माची आठवण होईल. ती होऊ द्यावी, पण फार ताणू नये. गीतेतल्या अर्जुनाला स्वधर्म जन्माने मिळालेला आहे, किहोतेने तो पुस्तके वाचून स्वतःच्या डोक्यात रचलेला आहे. वाचनाने वेडावलेला माणूस व्यवसाय विद्यालयाच्या अभ्यासक्रमात आदर्श म्हणून यावा, यात मार्च यांचा मिस्कीलपणाही असणार. ते कविताही लिहीत. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत व्यापाराची विद्या पेढीवर मिळत असे. रोजमेळ, खतावणी, हुंडी यांचे ज्ञान घरात, गोतात आणि गादीशेजारी बसून मिळवायचे. त्याला गुरू होता तो बाप किंवा मुनीम. म्हणजेच ही विद्या जातीची होती. जन्माने ज्याला ती वर्ज्य, त्याला तिच्यात शिरकाव नव्हता. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि वाणिज्याची पदवी विद्यापीठाची झाली, या घटनेचे महत्त्व निव्वळ शैक्षणिक नाही. पेढीवरची विद्या निदान कागदोपत्री तरी सर्वांची झाली.

कागदोपत्री, असे मुद्दाम म्हणतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये या महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुजू झाले. कोलंबिया आणि लंडन इथले अध्ययन त्यांच्या पाठीशी होते. त्याआधी उपजीविकेसाठी त्यांनी रोखे आणि समभागांबाबत सल्ला देणारी एक पेढी मुंबईत काढून पाहिली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बुडाली. महाविद्यालयात विद्यार्थी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकू लागले. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. मार्च १९२० मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडन गाठले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ चा. परतल्यावर १९२५ ते १९२८ या काळात मुंबईतल्या बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत. आंबेडकरांच्या चरित्रात हा तपशील सहसा दोन ओळींत उरकला जातो. वाणिज्यशिक्षणाच्या इतिहासात तो तेवढाही येत नाही. बाजाराने ज्याचा सल्ला नाकारला, त्यानेच बाजाराचे अर्थशास्त्र आणि कायदा बाजारात जाणाऱ्या मुलांना शिकवला, याहून बोलका प्रसंग मला या साऱ्या इतिहासात दिसत नाही.

धनंजयराव गाडगीळ हे दुसरे नाव. केंब्रिजला भारताच्या औद्योगिक विकासावर प्रबंध लिहिलेले हे अर्थतज्ज्ञ १९३० मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. भारतातले व्यापारी समाज कसे उदयाला आले, यावर त्यांनी लिहिले आहे. पेढीच्या विद्येचे जातिबद्ध रूप त्यांना नेमके ठाऊक होते. आणि विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे अध्यक्षपद गाडगिळांकडे होते. प्राध्यापक कारखान्याचा अध्यक्ष झाला, आणि कारखान्याचे मालक होते शेतकरी.

१९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद इथे व्यवस्थापन संस्था निघाल्या. अहमदाबादच्या संस्थेची घडी बसवणारे विक्रम साराभाई विश्वकिरणांचे संशोधक. कमला चौधरी मानसशास्त्राच्या. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत त्यांनी गिरणी कामगारांचा अभ्यास केला होता. १९६५ मध्ये रवी मथाई पहिले पूर्णवेळ संचालक झाले तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते. ऑक्सफर्डचे पदवीधर, कंपनीतला अनुभव, डॉक्टरेट नाही.

आज सर्वसाधारणपणे व्यवस्थापन शिकवण्यासाठी त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. या निकषावर वरच्यांपैकी बहुतेक जण अर्जाच्या छाननीतच बाद होतील. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने किमान १५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव असणाऱ्यांना पदवीची अट न लावता मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अध्यापक म्हणून घेण्याची मुभा दिली. म्हणजे टेलर यांना दार पुन्हा किलकिले झाले. मेयो, फॉलेट आणि मार्च बाहेरच. आपल्या मराठीच्या अध्यापकाला या विद्यालयांत जागा असलीच तर ती ‘संवादकौशल्या’च्या तासाला, आठवड्यातून दोनदा, आणि तिथे त्याने अर्जाचा मायना शिकवायचा असतो.

मथाई यांनी १९७२ मध्ये संचालकपद आपण होऊन सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. पद सोडल्यावर तिथेच खालच्या खुर्चीत बसणे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे सांगायला नको. १९७५ पासून ते राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात जाऊ लागले. सोबत अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाईन संस्थेची माणसे होती. व्यवस्थापनाची विद्या मोठ्या कंपन्यांबाहेर, अगदी तळाशी, उपयोगी पडते का, हे त्यांना पाहायचे होते. तिथे त्यांच्यासमोर बसलेले विद्यार्थी होते विणकर आणि कातडी कमावणारे रैगर. माल कुठे विकायचा, हिशेब कसा ठेवायचा, सावकाराशिवाय भांडवल कसे उभे करायचे, याची चर्चा चाले. १९८४ मध्ये मथाई वारले. जवाजाच्या त्या कारागिरांची संघटना त्यांच्यानंतरही चामड्याच्या पिशव्या आणि विणलेले गालिचे बनवून विकत राहिली.